ब्लॉकचेन व मतदाराचा विश्वास

मत टाकल्यावर तें कोठें जातें, व मोजणाराच्या हातीं पोहोंचेपर्यंत तें तेंच राहतें कीं नाहीं, हा प्रश्न हल्लीं खेड्यापाड्यांतही विचारला जातो. त्यावर कित्येक विद्वान् असें सुचवितात कीं, राष्ट्राच्या निवडणुका 'ब्लॉकचेन' नांवाच्या युक्तीनें घ्याव्या, म्हणजे कोणा मनुष्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरणार नाहीं. ती गरज खरोखर उरत नाहीं काय, एवढ्याच मुद्द्याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

ही युक्ति समजण्यास फार कठीण नाहीं. दुकानदाराची वही एकच असली तर तो रात्रीं दिव्याजवळ बसून एखादा आंकडा बदलूं शकेल. परंतु तीच वही शंभर घरीं ठेविली, आणि प्रत्येक पानावर मागील पानाच्या मजकुरावरून गणितानें काढलेली खूण लिहिली, तर एक पान बदलतांच पुढील सर्व खुणा चुकतात, व इतरांच्या वह्या ती लबाडी उघड करितात. २००९ सालीं बिटकॉइन नांवाच्या चलनाच्या हिशेबासाठीं ही रीत चालू झाली. लिहिलेलें पुसूं न देणें हा तिचा गुण आहे, व तो लहान नव्हे. पण जें लिहिलें गेलें तें मुळांत खरें होतें कीं नाहीं, हें ती वही सांगत नाहीं.

अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यांत २०१८ सालीं परदेशीं असलेल्या १४४ मतदारांनीं, त्यांत सैनिकही होते, फोनवरून मतें दिलीं, व तीं अशा साखळीवर नोंदलीं गेलीं. हेतु चांगलाच होता. पुढें फेब्रुवारी २०२० मध्यें एमआयटी येथील तिघां संशोधकांनीं दाखविलें कीं, मतदाराचा फोन ज्याच्या ताब्यांत जाईल तो वहींत नोंद होण्यापूर्वींच मत पाहूं, अडवूं किंवा बदलूं शकेल. कंपनीनें हें नाकारिलें; तरी त्या राज्यानें त्या वर्षीं तो बेत सोडून दिला. सिएरा लिओन देशाच्या मार्च २०१८ च्या निवडणुकीविषयीं तर 'जगांतील पहिली ब्लॉकचेन निवडणूक' अशी वार्ता सर्वत्र पसरली. खरी गोष्ट एवढीच कीं, एका परदेशी कंपनीनें निरीक्षक म्हणून कांहीं केंद्रांचे आंकडे आपल्या वहींत उतरून घेतले होते, आणि तेथील आयोगास ती वार्ता नाकारावी लागली. नवीन यंत्राची कीर्ति यंत्राच्या आधीं पोहोंचते, हें आमच्या वाचकांस नवें नाहीं.

रशियाच्या २०२१ च्या ड्यूमा निवडणुकींत मॉस्को येथें अशीच साखळी वापरली गेली. कागदी मतांत पुढें असलेले कित्येक विरोधी उमेदवार इंटरनेटवरील मतें जाहीर होतांच मागें पडले. तीं मतें खरीं कीं खोटीं याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. पण साखळी असूनही हरलेल्यांची खात्री पटली नाहीं; आणि निवडणुकीची खरी परीक्षा हरलेल्याच्या मनांतच होत असते.

कोणी म्हणेल, "पेढींतील यंत्रें तरी आपणांस कोठें कळतात? तेथें पैसा ठेवितोंच ना?" हा आक्षेप वजनदार आहे. परंतु पेढींतील खातें आपल्या नांवाचें असतें. शंभर रुपये कमी दिसले तर आपण पुस्तक घेऊन जातों व भांडतों. मतास नांव नसतें. तें गुप्त असावें असा आपलाच आग्रह आहे, म्हणून चोरी झाली तरी तक्रार घेऊन येणारा कोणी नाहीं. बरें, प्रत्येकास त्याच्या मताची पक्की पावती द्यावी, तर तीच पावती उद्यां सावकार मागेल, मुकादम मागेल, किंवा ज्याच्या शेतावर पोट भरतें तो मालक मागेल. घरीं बसून फोनवर मत देणाऱ्या स्त्रीच्या मागें कोण उभा आहे, हें कोणत्याही वहींत लिहिलें जात नाहीं. मतदान केंद्रांतील तो पुठ्ठ्याचा आडोसा दिसण्यांत क्षुद्र आहे, पण दुर्बळास त्याच्याइतकें संरक्षण अजून कोणत्याही गणितानें दिलेलें नाहीं.

जर्मनीच्या घटना-न्यायालयानें ३ मार्च २००९ रोजीं निर्णय दिला कीं, मतदान व मोजणी यांतील महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकास विशेष ज्ञानावांचून पडताळतां आल्या पाहिजेत; म्हणून तेथें वापरलेलीं मतयंत्रें घटनेविरुद्ध ठरलीं. आम्हांस हा निर्णय न्यायाचा वाटतो. पंडितांवर सोंपविलेला विश्वास हाही विश्वासच आहे. फक्त तो गांवच्या ओळखीच्या माणसांकडून दूरच्या अनोळखी माणसांकडे गेलेला असतो.

तथापि जो मनुष्य केंद्रापर्यंत येऊंच शकत नाहीं, त्याचें काय? बीडचा ऊसतोड मजूर हंगामांत शेंकडों मैल दूर असतो. त्यास आडोशाची थोरवी सांगून काय उपयोग? आमच्या निवडणूक आयोगानें २०२० सालीं आयआयटी मद्रासबरोबर ब्लॉकचेनचा विचार केला. पुढें डिसेंबर २०२२ मध्यें मात्र त्यानें निराळी योजना मांडली: मजूर असेल तेथें केंद्र, अधिकारी व आडोसा ठेवून, इंटरनेटला न जोडलेल्या एका यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंतचें मतदान घ्यावें. जानेवारी २०२३ च्या सभेंत अनेक पक्षांनीं त्यास हरकत घेतली. हरकती योग्य असतीलही. पण हरकत घेणाऱ्यांनीं त्या मजुराचें मत कसें घ्यावयाचें हें सांगणें प्राप्त होतें, आणि तेंच मागें राहिलें.