साडेसहाशे फेरे

आमच्या विहिरीवर दोन घरांची पाळी होती. सोमवार ते बुधवार आमची, गुरुवार ते शनिवार चुलत्यांची, आणि आयतवारी विहीर मोकळी. आज्याच्या माघारी वाटणी झाली तेव्हा पंचांनी हे तोंडी ठरवून दिलेलं. कागद नव्हता. तेव्हा मोट चालायची. दोन्ही घरची बैलं उन्हाच्या वेळी सोडावी लागत, दिवस मावळता थकत. त्यामुळं 'तीन दिवस' म्हणजे नेमकं किती पाणी, हे कुणी विचारायची गरजच पडली नाही. पुढं मोटा गेल्या. आबा आणि आण्णा, म्हणजे माझे चुलते, एकाच दिवशी एकामागं एक दोन बैलगाड्यांतनं पाच हॉर्सपॉवरची दोन ऑईल इंजिनं घेऊन आले. दोन्हींच्या पाटीवर एकच आकडा : मिनिटाला ६५० फेरे. इंजिनं जोडीची, म्हणून पाळीही तशीच राहिली.

१९८३ च्या उन्हाळ्यात आमचं इंजिन दमायला लागलं. नुकताच मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आलो होतो, हाताला खाज होती. पट्टा चढवला की फेरे उतरायचे, पाण्याची धार बारीक व्हायची. नोझल तपासलं, ठीक होतं. दोष फ्युएल पंपात होता. ज्यांनी हा पंप उघडून पाहिला नाही त्यांना सांगतो : आत बोटाएवढा पोलादी दांडा आणि त्याची नळी असते. प्लंजर आणि बॅरल. दोघांतली फट केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. तेवढ्या जोरावर तो डिझेलचा थेंब शंभर-दीडशे वातावरणांच्या दाबानं नोझलमधून फवारतो. रुडॉल्फ डिझेलनं पहिलं इंजिन चालवलं तेव्हा असा पंप नव्हता, दाबलेल्या हवेनं तेल आत फुंकावं लागे. बॉशनं १९२७ मध्ये कारखान्यात पंप काढायला सुरुवात केली आणि मग इंजिनं आटोपशीर झाली. आमच्याकडं डिझेल यायचं डब्यातनं, गाळायचं धोतराच्या फडक्यानं. बारीक कचरा जाऊन प्लंजर झिजला होता.

सरळ उपाय म्हणजे त्याच मापाचा नवा एलिमेंट. तालुक्याच्या मिस्त्रीकडं तो होताही. पण फळीवर दुसरा एक पंप पडलेला दिसला, मोठ्या इंजिनाचा, जुना पण घट्ट. प्लंजर सातऐवजी आठ मिलिमीटरचा. एका मिलिमीटरनं काय होतं असं वाटेल, पण हिशेब व्यासाच्या वर्गाचा असतो : एका धक्क्याला तीस टक्के डिझेल जादा. बोल्टाची भोकं जुळत होती. मिस्त्री म्हणाला, "घिऊन जा की, इंजान उडंल."

बसवायला दोन दिवस गेले. भोकं जुळली म्हणून पंप जुळत नाही. डिझेल कधी सुटायचं तो क्षण महत्त्वाचा. पाइप सोडून चाक हातानं हळूहळू फिरवायचं, तोंडाशी येणारं डिझेल जिथं थांबेल तिथं चाकावर खडूनं खूण करायची. पहिल्यांदा खूण फार अलीकडं आली. तरी घाई करून हँडल मारलं, तर उलटा झटका बसून मनगट सुजलं. मग पंपाखाली पत्र्याच्या शिम वाढवत गेलो; पंप जेवढा उचलावा तेवढं डिझेल उशिरा सुटतं. तिसऱ्या खेपेला ठोका गेला. गव्हर्नरची स्प्रिंग थोडी आवळली. मिस्त्रीकडनं आणलेल्या मीटरवर साडेसातशे फेरे दिसले. काळा धूर होता, पण थारोळ्यात पाणी असं पडायला लागलं की आबा चप्पल काढून त्यात उभे राहिले.

फेरे सातव्या हिश्शानं वाढले की पाणी निदान तेवढं वाढतं, आणि ताकद लागते दीडपट. डिझेलचा भुर्दंड आमचा. ह्यात वाईट काय? आम्ही पाळी मोडली नव्हती. बुधवारी दिवस मावळला की इंजिन बंद. फक्त आधी बुधवारी संध्याकाळी विहिरीची तिसरी पायरी उघडी पडायची, आता पाचवी पडत होती.

आण्णा एक दिवस बांधावर येऊन बसले. तंबाखू मळली. इंजिनाकडं न बघता म्हणाले, "आवाज बदलल्यागत वाटतोय रं."

"सर्व्हिसिंग केलंय, आण्णा."

"बेस झालं," म्हणाले आणि गेले.

चैत्र लागला. त्यांचा उन्हाळी भुईमूग आऱ्या सुटायच्या बेताला आला होता. आऱ्या जमिनीत घुसताना रान ओलं पाहिजे, नाहीतर त्या वरच वाळतात. एका गुरुवारी पहाटे मी विहिरीकडं गेलो तर त्यांचं इंजिन मोकळं पळत होतं. फूटवाल उघडा पडून पंप हवा ओढत होता. आण्णा पायरीवर उकिडवे बसून पाणी चढायची वाट बघत होते. मला म्हणाले, "झरा औंदा मंद हाय." त्यांना खरंच तसं वाटत होतं की मला सोडवत होते, ते मला आजही सांगता येत नाही.

मी आबांपाशी विषय काढला. ते चिडले नाहीत. "आरं, माझी बैलं खिलार आन् त्याची मरतुकडी असती, मी चार मोटा जादा ओढल्या असत्या, तर मला कुणी चोर म्हणलं असतं का?"

ह्याचं उत्तर मला कितीतरी दिवस सुचलं नाही, आणि पुरतं अजूनही सुचलेलं नाही. बैल खिलार असला तरी संध्याकाळी थकतोच, हे म्हणून बघितलं. पण इंजिनही बुधवारी थांबत होतंच. पंचांनी दिवस वाटले की पाणी वाटलं? शब्द दिवसाचे होते. शब्दांमागं समजूत होती की दोन्हीकडचा ओढा साधारण सारखा राहील. समजूत बोलली गेली नाही कारण ती बदलता येईल असं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मी एका मिलिमीटरनं ती बदलली आणि शब्द जागच्या जागी ठेवले. मला अडायचं ते त्या 'सर्व्हिसिंग'पाशी. वावगं काही नव्हतं तर 'मोठा पंप बसवलाय' म्हणायला जीभ का वळली नाही?

पण खरं बोललो असतो तरी काय झालं असतं? आण्णांनीही मोठा पंप आणला असता, आणि दोघांनी मिळून विहीर उपसली असती. झऱ्याला प्लंजरचं माप कळत नाही, तो भरायचा तेवढाच भरतो. पुढं गावात वीज आली तेव्हा नेमकं हेच झालं : पाचाची साडेसात, साडेसाताची दहाची मोटर, आणि शेवटी बोअर. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिथं पाणी माणशी धरलं : माणसी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच, ऊस नाही, आणि जमीन नसलेल्यालाही हिस्सा. ते मी फार नंतर वाचलं. तेव्हा आमच्या दोन घरांत वाटा मोजायला वारांखेरीज काही नव्हतं.

त्या रविवारी रात्री कंदील घेऊन मी एकटा विहिरीवर गेलो आणि गव्हर्नरची स्प्रिंग सैल केली. पंप मोठाच राहू दिला. सोमवारी सकाळी मीटर लावला : साडेसहाशे. आबांना विचारलं नव्हतं. म्हणजे आण्णांशी केलेली लबाडी मी आबांशी लबाडी करून फेडत होतो, हे तेव्हाही कळत होतं.

आबा आले. थारोळ्यापाशी उभे राहून बराच वेळ ऐकत राहिले.

"आज दमानं चाललंय."

"व्हय."

फावडं उचलून ते दारं धरायला गेले. स्प्रिंग पुन्हा कुणी आवळली नाही.

भुईमुगाला उशीर झाला होता. शेंगा काढल्यावर काकी दरवर्षीसारखा वाणोळा घेऊन आली, पाटीभर शेंगा. आईनं त्या सुपात ओतून घेतल्या, पाटीत चार कांदे घातले आणि काकीला चहाला बसवलं. मी बाजूला बसून शेंगा फोडत होतो. तिसरी-चौथी पोचट निघत होती.