कुंडीवरील नाव आणि वाणीचे तप

नर्मदातीरावरील जबलपूर नगरी वनस्पतिविद्येला पारखी नाही. 1963 मध्ये तेथे राज्य वन अनुसंधान संस्था स्थापन झाली, 1964 मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आले, आणि 1988 मध्ये उष्णकटिबंधीय वनांचे संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्थाही तेथेच उभी राहिली. इतके जाणते ज्या नगरात वसतात, तेथील गृहस्थही इतर गावच्या गृहस्थांप्रमाणेच नर्सरीत जातो, ‘ब्राह्मी’ अशी चिठ्ठी लावलेली पिशवी विकत घेतो, आणि मुलांची स्मरणशक्ती वाढावी या सद्हेतूने रोज चार पाने त्यांना खावयास देतो. काही दिवसांनी एखादा माहीतगार मनुष्य येऊन सांगतो की, हे रोप मंडूकपर्णीचे आहे. अशा वेळी दोष कोणाचा मानावा? माळ्याने लबाडी केलेली नसते. जेथून त्याने रोपे आणली, तेथे त्यांना हेच नाव होते. मग कोणीच दोषी नाही, असे म्हणावे काय?

प्रथम त्या रोपाविषयी न्याय केला पाहिजे. ब्राह्मी ओलसर, दलदलीच्या जागी पसरते. तिची पाने बारीक, जाडसर व देठावाचून असतात. मंडूकपर्णीचे पान वाटोळे, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडांना दंतुर आणि लांब देठाचे असते. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की पुन्हा घोटाळा होणे नाही. तथापि उत्तरेकडे व मध्य प्रांती मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणण्याचा प्रघात जुना आहे. मंडूकपर्णी ही काही हीन वनस्पती नव्हे. चरकाचार्यांनी जी चार मेध्य रसायने सांगितली, त्यांत तिचे नाव आहे. त्या चारांतलीच शंखपुष्पी पाहावी, तर उत्तरेत तिच्या नावाने एक वनस्पती घेतात आणि केरळात गोकर्णीला शंखपुष्पी म्हणतात. तेव्हा प्रत्येक वेळी नाव चुकलेच असे नसते. कित्येकदा एका नावाचे दोन धनी असतात. अशा ठिकाणी विक्रेत्याने दोन्ही नावे सांगावी, म्हणजे सत्यही राहते आणि लोकरूढीचाही अनादर होत नाही.

परंतु सर्वच घोटाळे इतके सौम्य नसतात. घराच्या दाराशी ‘अशोक’ म्हणून जो उंच, सरळ, झुकलेल्या पानांचा वृक्ष लोक लावतात, तो बहुधा खोटा अशोक असतो. ज्याची साल वैद्य स्त्रीरोगांत देतात तो सीता-अशोक निराळा. शोभेसाठी खोटा अशोक लावण्यात हानी नाही, पण त्याची साल औषध म्हणून उकळली तर रोगी फसला. गुळवेलीची गोष्ट याहून गंभीर आहे. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी असे काढे घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यावर आयुष मंत्रालयाने असे म्हटले की, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याचा संभव आहे. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात. तो वाद येथे सोडवावयाचा नाही, आणि खरी गुळवेलही वैद्याला विचारल्यावाचून महिनोन्‌महिने घ्यावी असे कोणी समजू नये. पण चिठ्ठीवरील एका शब्दावर मनुष्याचे आरोग्य टांगलेले असू शकते, एवढे त्यावरून स्पष्ट दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. श्रीभगवंतांनी सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना सत्य, प्रिय, हितकारक आणि कोणाला उद्वेग न देणाऱ्या भाषणाचा उल्लेख केला आहे. ते तोंडाने बोलण्यापुरतेच आहे, असा समज दृढ झालेला दिसतो. वस्तुतः चिठ्ठी ही लिहिलेली वाणीच होय, आणि ती बोलणाऱ्याच्या मुखापेक्षा दूर जाते. दुकानदार समोर नसतानाही ती ग्राहकाशी बोलत राहते. अठराव्या अध्यायात व्यापाराची गणना स्वकर्मात केली आहे, आणि स्वकर्मानेच ईश्वराचे पूजन करावे असे लगेच पुढे म्हटले आहे. मग ज्या चिठ्ठीने रोप विकले जाते, ती चिठ्ठी त्या पूजेतून वगळावी कशी? त्याच अध्यायात तामस कर्माचे लक्षण आहे: पुढील परिणाम, नाश, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म. तेथे कपटाचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्यावे. ‘माझ्या मनात पाप नव्हते’ एवढ्याने ते कर्म सात्त्विक ठरत नाही. ज्याचा धंदाच रोपे ओळखण्याचा आहे, त्याचे न ओळखणे हे सामान्य माणसाच्या अज्ञानासारखे मोजता येत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजलि नावाच्या तपस्व्याला धर्म शिकण्यासाठी काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागले. हा तुलाधार काय विकत होता? लाकूड, सुगंधी द्रव्ये, नाना प्रकारचे रस. केवळ मद्य वर्ज्य. तो स्वतःच सांगतो की, माल आपण दुसऱ्याच्या हातून विकत घेतो आणि कपटावाचून विकतो. आजच्या नर्सरीवाल्याची स्थिती हुबेहूब हीच आहे. माल परहस्ताचा, परंतु त्याविषयीचा शब्द एकदा आपल्या दुकानातून बाहेर पडला की तो आपला. मागच्याने सांगितले म्हणून पुढच्याला सांगितले, ही सबब तुलाधाराच्या तराजूत टिकणारी नाही.

येथवर वाचून गृहस्थाला समाधान वाटेल, की दोष विक्रेत्याचा ठरला. पण त्या गृहस्थाने स्वतः काय केले? कुंडी बहरल्यावर त्याने तिच्या फुटव्या शेजारी दिल्या, व्याह्यांकडे पाठविल्या, आणि देताना ‘ही ब्राह्मी’ असेच सांगितले. तोही आता त्या साखळीतला एक दुवा झाला. त्याने पैसे घेतले नाहीत, इतकाच फरक. आणि दानात दिलेले खोटे नाव विकलेल्या खोट्या नावाहून हलके असते, असे मानण्यास काही आधार दिसत नाही. नर्सरीत जाऊन पैसे परत मागणे सोपे आहे, आणि मागण्यात गैरही नाही. ज्या ज्या घरी रोप दिले त्या त्या घरी जाऊन ‘आपण सांगितलेले नाव चुकले’ असे म्हणणे कठीण, कारण तेथे मान खाली घालावी लागते. धर्माची कसोटी पहिल्या ठिकाणी फारशी लागत नाही. दुसऱ्या ठिकाणी लागते.

विक्रेत्याशी बोलतानाही उद्वेग न देण्याचे पथ्य सुटू नये. गल्ल्यापाशी चारचौघांत आरडाओरडा केला, तर बहुधा चिठ्ठ्या लावणाऱ्या मजूर पोरावर सर्व राग निघतो, आणि त्याला तर अक्षरेही धड वाचता येत नसतील. दोन्ही पाने हातात घेऊन मालकाला एकांतात दाखवावी. उरलेल्या पिशव्यांवरील नाव त्याने बदलले, तर पुढच्या ग्राहकांवरही उपकार झाला. त्याने ऐकलेच नाही, तर मात्र इतरांना सावध करणे ही निंदा ठरत नाही.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, रानातील गुराखी व मेंढपाळ वनस्पतींची नावे आणि रूपे जाणतात, पण तेवढ्याने त्यांचा उपयोग कळत नाही. आणि न ओळखलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे, अग्नीसारखे असते. आज नगरवासी मनुष्याला त्या गुराख्याइतके रूपज्ञानही उरलेले नाही. त्याच्यापाशी केवळ नाव आहे, आणि तेही दुसऱ्याने लिहून दिलेले. म्हणून ज्या रोपाचा उपयोग शोभेपुरता नसून पोटात घेण्याचा आहे, ते आधी जाणत्या वैद्याला किंवा कृषी विश्वविद्यालयातील वनस्पतितज्ज्ञाला पाने, फूल व खोडासह दाखवावे. मंडूकपर्णी निघाली तर ती उपटून टाकण्याचे कारण नाही. तिच्या स्वतःच्या नावाने ती अंगणात राहू द्यावी. आणि ज्याची ओळख कोणालाच पटली नाही, त्या कुंडीवर ‘नाव ठाऊक नाही’ असे स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे घरातील सून किंवा नातवंड तिचे पान काढ्यासाठी खुडणार नाही.