कानामागून आलेलं हाड

‘पेट्रस’ हा शब्द वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला पाठ होतो आणि परीक्षा संपली की बहुतेकांच्या डोक्यातून जातो. कानशिलाच्या आत, कवटीच्या तळाशी तिरपा घुसलेला शंखास्थीचा हा भाग. ग्रीक वैद्य गेलेनने त्याला दगडासारखा म्हटलं, लॅटिननेही नावात तोच दगड ठेवला. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची सगळी नाजूक यंत्रणा या दगडाच्या पोटात असते.

पुरातत्त्वात त्याचं काम बराच काळ शिरगणतीचं होतं. चितेत बाकी कवटीचे तुकडे तुकडे झाले तरी पेट्रस ओळखू येतो. डाव्या बाजूचे पेट्रस मोजले, की एका ढिगात निदान किती माणसं आहेत ते कळतं.

जुन्या डीएनएचा शोध सुरू झाला तेव्हा संशोधक दातांकडे आणि मांडीच्या हाडाकडे वळले. पेट्रस कानामागून आला आणि तिखट झाला! हंगेरीतल्या सांगाड्यांवरच्या 2014 च्या अभ्यासात त्याने इतर हाडांना मागे टाकलं. पुढच्याच वर्षी रॉन पिन्हासी आणि सहकाऱ्यांनी पेट्रसच्या आतही फरक दाखवला: आंतरकर्णाभोवतीच्या सर्वांत घट्ट कवचात, टोकाकडच्या सच्छिद्र भागाच्या तुलनेत, 177 पटींपर्यंत जास्त डीएनए मिळाला. हे कवच जन्माआधीच घडू लागतं आणि बालपणानंतर त्याची फारशी नवी घडण होत नाही. इतर हाडं मात्र आयुष्यभर झिजतात, नव्याने भरतात.

उष्ण प्रदेशांत डीएनए लवकर नासतो, म्हणून तिथे या हाडाचं मोल जास्त. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या चमूची भिस्त पेट्रसवरच होती. तरीही 61 अस्थिनमुने तपासून वापरण्याजोगा जनुकसंच मिळाला तो एकाच स्त्रीचा. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून आर्यांच्या मुळाबद्दल झालेले वाद सर्वांना आठवतात, पेट्रस फारसा कुणाला आठवत नाही.

पण डीएनए काढायला हाडाची भुकटी करावी लागते, त्यासाठी ते फोडावं लागतं, आणि आकारही पुरावाच असतो. फ्रान्समधल्या आर्सी-स्युर-क्यूर इथला शंखास्थीचा तुकडा निअँडरथलचा आहे, हे 1996 मध्ये आंतरकर्णाच्या नलिकांच्या आकारावरून ठरलं होतं. त्याची आधीच भुकटी झाली असती, तर? आकार न नोंदवताच भुकटी करण्याच्या घाईला ‘संशोधन’ म्हणणं थोडं उदारपणाचंच आहे. कवटी न फोडता तळातून बारीक छिद्र पाडण्याची रीत 2017 मध्ये मांडली गेली, आणि कानातल्या तीन इवल्या हाडांतही पेट्रसच्या तोडीचा डीएनए मिळतो, असं 2020 मध्ये दिसलं.

आपल्याकडे, महाराष्ट्रातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुलं सापडली. अशा सांगाड्यांना हात लावायची वेळ येईल, तेव्हा आधी सीटी स्कॅन करावं, आणि दोन्ही बाजू शाबूत असतील तर एक पेट्रस पुढच्या पिढीच्या संशोधकांसाठी राखावा.