भोक आणि भराव

देवमाशाच्या डोक्यावरचं ब्लोहोल म्हणजे त्याचं नाक. समुद्रकाठच्या कातळातही ब्लोहोल असतं: खालच्या गुहेत लाट घुसली की कोंडलेली हवा पाण्यासकट त्यातून उसळते, आणि ते पाहायला पर्यटक जमतात. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत मात्र हा शब्द नुसता कानावर पडला तरी सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या पडतात. फाउंड्रीतलं ब्लोहोल म्हणजे वाट न मिळालेला वायू.

साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली किंवा कोअर (आतल्या पोकळीसाठी साच्यात बसवलेला वाळूचा गाभा) कच्चा राहिला, की तापलेलं लोखंड ओतताच वाफ आणि वायू सुटतात. त्यांना व्हेंटमधून बाहेर पडता आलं नाही, तर भोवतीचं लोखंड गोठतं आणि बुडबुडा आतच राहतो. बाहेरून कास्टिंग नीटनेटकं दिसतं. लेथवर वरचा काळपट थर उतरला, आतलं लोखंड चकाकू लागलं, की मध्येच ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा उघडा पडतो. कडा गोल, आतली भिंत गुळगुळीत. तोवर ओतकामाचा खर्च झालेला असतो, मशिनिंगचाही.

आता दोन रस्ते उरतात. भंगारात टाकायचं, नाहीतर बुजवायचं.

बुजवण्याची कला जुनी आहे. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल १८७८ साली सुरू झाला. राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली, अभियंता थॉमस बाउच यांना 'सर' ही पदवी मिळाली. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री पुलाचा मधला उंच भाग गाडीसकट नदीत कोसळला. गाडीतलं कुणीही वाचलं नाही. चौकशीत बीडाच्या खांबांची कहाणी बाहेर आली. त्यांतली ब्लोहोलं मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणाने भरलेली होती. हा लगदा गोठल्यावर घासला की थेट लोखंडासारखा दिसे. कारागिरांनी त्याला 'बोमाँटचं अंडं' असं लाडकं नावही दिलं होतं. (लबाडीला टोपणनाव मिळालं, की ती रुळली असं खुशाल समजावं.)

पूल केवळ या भोकांमुळे पडला, असं म्हणणं अन्यायाचं होईल. वाऱ्याच्या दाबाचा विचार आराखड्यात झालाच नव्हता, जोडही कमकुवत होते. पण भोक दिसलं असतं तर निदान कुणीतरी प्रश्न विचारला असता. भराव घातला आणि तपासणाऱ्याचा डोळाच बांधला गेला. म्हणून मला भोकापेक्षा भरावाची धास्ती जास्त वाटते. ब्लोहोल हा निसर्गनियम आहे, कितीही काळजी घ्या, शंभर टक्के टळत नाही. भराव हा माणसाचा निर्णय असतो.

तो निर्णय बहुधा लबाड माणूस घेत नाही, घाबरलेला माणूस घेतो. रिजेक्शन दाखवलं तर बोलणी खायची, पैसे कापून घ्यायचे, आणि लपवलं तर पाठीवर थाप, असा हिशेब असेल तर कुणीही पुट्टीचा डबाच उघडेल. ऑफिसातल्या अहवालांचं, परीक्षेच्या निकालांचं, रस्त्याच्या बिलांचंही तेच. चांगला कारखाना ओळखायचा तर त्याचा रिजेक्शनचा आकडा विचारून भागत नाही; तो आकडा शून्य असेल तर मला उलट शंका येते. सदोष माल दाखवणाऱ्याचं पुढे काय होतं, ते विचारावं.

मालकांना एवढंच सांगणं आहे: ब्लोहोल घेऊन कुणी केबिनमध्ये आला, तर आधी त्याला बसायला खुर्ची द्या. वाळूतली ओल त्यानंतर तपासा.