स्वतःच्या दुःखाचे विघ्न

तरुणांच्या मनःस्वास्थ्याची चर्चा निघाली की कलेवर हल्ली एक ठरावीक काम सोपवले जाते: तरुणाने आपले दुःख व्यक्त करावे आणि त्यातून त्याला ‘स्वत्व’ गवसावे. गंभीर आजाराला वैद्यच हवा, हे उघड आहे. परंतु येथे गृहीत धरलेले स्वत्व कोणते, हे तपासण्याजोगे आहे.

अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न आहे. कलोपचार ज्याला सामग्री मानतो, तो त्याच्या दृष्टीने अडथळा ठरतो. आणि त्याचे निवारण गीतवाद्यादींनी होते, आत्मकथनाने नव्हे. अर्थात त्याच्या विवेचनात रसिक आहे, नट नाही. हा भेद विसरता येणार नाही.

भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार उभी राहते. धानाच्या बांधीत राबणारा मुलगा रात्री राजा होतो, क्वचित राणीही. समोर त्याला जन्मापासून ओळखणारे गाव बसलेले असते. तरीही त्या रात्रीपुरती त्याला ‘तो’ नसण्याची मुभा मिळते. याला आत्माविष्कार म्हणणे मला अवघड वाटते. दिलासा असलाच तर तो या मुभेत आहे.

हाच मुलगा महाविद्यालयात आला की आम्ही त्याला ‘मोकळेपणाने लिहा’ असे सांगतो आणि त्याचे ‘पानी’ खोडून ‘पाणी’ करतो. स्वतःच्या देशकालविशेषाला चिकटून राहणे हेही अभिनवगुप्ताच्या मते विघ्नच. पण ज्याला त्याच्या बोलीची पदोपदी आठवण करून दिली जाते, त्याने ती विसरावी कशी? साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी उभारलेल्या झाडीबोलीच्या चळवळीचे मोल मला अभिमानापेक्षा येथे जाणवते: लाज गेली तरच ओळख विसरता येते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीच्या रंगभूमीचा गौरव झाला. वर्गातली लाल शाई मात्र तशीच राहिली.

माझ्या विवेचनातला एक दोष मला टाळता येत नाही. दंडारीतली राणी परंपरेने पुरुषानेच रंगवली. मुली प्रेक्षकांत बसल्या. ती मुभा त्यांच्या वाट्याला आली नाही. एका विद्यार्थिनीची वही मी अशीच लाल करून परत केली होती. त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. पुढे मीच तिला तिच्या बोलीत लिहायला सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, “सर, मार्क कापाल का?”