कशासाठी हवा?

पहिला प्रश्न सगळीकडे तोच होता. तुमकूरच्या पुढे ‘याके बेकु, मेडम?’ आणि बेळगाव ओलांडल्यावर ‘कशाला पाहिजे हो तुम्हांला?’ मी म्हणायचे, गावाचा नकाशा हवाय. विकत मिळत असेल तर विकत, नाहीतर झेरॉक्स. समोरचा माणूस चष्म्यावरून बघायचा. प्लॉट घ्यायचाय? नाही. कोर्टात केस आहे? नाही. पेपरवाल्या आहात? नाही. मग कशासाठी?

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा. त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की अर्जदाराला कारण विचारायचं नाही, संपर्कासाठी लागेल तेवढाच तपशील घ्यायचा. हे कलम मला फार आवडतं. एखादी गोष्ट नुसती जाणून घ्यावीशी वाटणं पुरेसं आहे, असं म्हणणारी वाक्यं आपल्या कायद्यांत किती असतील? प्रवासात मनातल्या मनात ते कितीदा तरी म्हटलं. मोठ्यानं एकदाही म्हणावं लागलं नाही, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

मुळात माझ्याकडे कारण होतं. मी एका कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद करत होते. तिच्यातलं गाव काल्पनिक, पण दोन-तीन खऱ्या गावांवरून बेतलेलं. त्यातली माणसं सारखी तळ्यावर ‘चढतात’. मराठी माणूस तळ्यावर उतरतो. चढून तळ्याकडे जाणं मला लिहवेना. पहिल्या खर्ड्यात मी सगळ्यांना सरळ ‘तळ्यावर गेले’ करून टाकलं होतं. मग एका गावाचा जुना नकाशा पाहिला आणि उलगडा झाला. तिकडची बरीच तळी बांध घालून अडवलेली असतात. पाणी वर, बांध आडवा, आणि गाव व भातखाचरं बांधाच्या पायाशी. गावातून निघालेल्या माणसाला आधी बांध चढावा लागतो, तेव्हा पाणी दिसतं. कन्नडमध्ये त्या बांधाला ‘एरि’ म्हणतात आणि चढण्याला ‘एरु’. बंगळूरमध्ये वीस वर्षं काढूनही हे मला नकाशावरून कळावं, याची लाज वाटली. ‘गेले’ सगळीकडे खोडून ‘चढले’ केलं.

अनुवाद संपला, कारण संपलं, सवय राहिली. जानेवारीत आठ दिवस काढले आणि जुनी गाडी घेऊन एकटीच निघाले. बंगळूर ते निपाणी, पुणे रस्त्यानं. तुमकूर, सिरा, हिरियूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, बेळगाव. मोठ्या शहरांत थांबायचं नाही, महामार्ग सोडून आत वळायचं, असा नियम केला होता. घरच्यांचाही पहिला प्रश्न ‘कशासाठी?’ हाच होता, दुसरा ‘एकटीच?’

नकाशे अकरा मिळाले. काही नगररचनेचे, रंगीत: राहण्याची जागा पिवळी, व्यापाराची निळी, कारखान्यांची जांभळी, बागांची हिरवी. हे पुढे काय व्हावं याचे नकाशे. त्यांतली हिरवी जागा म्हणजे तिथे आज बाग आहे असं मुळीच नाही; बहुधा टायरचं दुकान असतं. काही नकाशे महसुली, काळ्या रेघांचे, मैलाला आठ इंच या प्रमाणात काढलेले. त्यांत प्रत्येक शेताला नंबर, गाडीवाटेला तुटक रेघांची जोडी, पायवाटेला एकच तुटक रेघ. मला हे दुसरे जास्त आवडतात. पुढे काय व्हावं याबद्दल त्यांना काही म्हणायचं नसतं.

या कार्यालयांत माझं कन्नड अडखळायचं, पण शब्द परके वाटायचे नाहीत. टिप्पण, आकारबंद, हिस्सा, पहाणी, तालूक, कचेरी. मोजणीच्या कागदांतली भाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एक आहे, आणि सीमावादावर बोलणाऱ्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकदा भूमापनच्या खिडकीशी उभं राहायला हरकत नाही. त्यातला एक शब्द मात्र माझ्या मनातून जाईना: खराब. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती खराब. कर्नाटकाच्या १९६६ च्या महसूल नियमांत तिचे दोन वर्ग आहेत, महाराष्ट्रातही तसेच. ‘अ’ म्हणजे जी पिकत नाही ती: खडक, शेतातलं घर, खळं. ‘ब’ म्हणजे जी सार्वजनिक कामाची म्हणून सोडलेली: रस्ता, मान्य झालेली पायवाट, लोक ज्याचं पाणी वापरतात तो ओढा किंवा तळं, मसणवट, कुंभारांची माती काढायची जागा. म्हणजे गावात जे जे कुणा एकाचं नाही आणि सगळ्यांना लागतं, त्या सगळ्याला सरकारी कागदात नाव एकच, खराब. मराठी कादंबरीत कुणी असं रूपक योजलं असतं तर मी समासात ‘जरा जास्तच’ असं लिहिलं असतं.

कारण विचारणं ही आजच्या कारकुनाची खोड नाही. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर कॉलिन मॅकेन्झीनं म्हैसूरची मोजणी हाती घेतली. नकाशांच्या जोडीनं तो शिलालेख, वंशावळी, गावांच्या कैफियती जमवत गेला; गावोगाव जाऊन कागद मागण्याचं काम कावली वेंकट बोरय्या आणि त्याचे भाऊ करायचे. पुढे १८१५ मध्ये मॅकेन्झी हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. बोरय्याला एखाद्या शानभोगानं, म्हणजे आपल्याकडच्या कुलकर्ण्यानं, ‘हे कशासाठी?’ विचारलंच असणार, आणि ते रास्तच होतं. मोजणी झाली की मागून सारा येतो. छंद म्हणून कागद मागणारा माणूस त्या शानभोगानं पाहिलेला नसणार.

उलट अनुभव माझ्या शहराचा. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरचा बाह्य वर्तुळाकार रस्ता आणि आसपासच्या वसाहती पाण्यात गेल्या. लोक ट्रॅक्टरमधून कामावर गेल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली असतील. पाणी ओसरल्यावर महापालिकेनं गावांचे जुने महसुली नकाशे बाहेर काढले आणि त्यांतले राजकालुवे, म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाणारे मोठे नाले, आजच्या इमारतींवर आखून दाखवले. मंजूर नकाशा, कर्जाचे कागद, सगळं रीतसर असलेल्या लोकांच्या घरातून एकाएकी नाला जायला लागला. इथे तसं नवल नाही. शहराचा मुख्य बसस्टँड धर्मांबुधी तळ्यात आहे आणि कंठीरव स्टेडियम संपंगी तळ्यात. पण त्या महिन्यात पहिल्यांदा मला कळलं की कागदावरची तुटक रेघ कुणाची तरी भिंत पाडू शकते. ‘कशासाठी?’ विचारणाऱ्या माणसाला हे आधीपासून ठाऊक असतं.

आता त्या सकाळबद्दल. सीमाभागातलं एक तालुक्याचं गाव, नाव सांगत नाही. कार्यालयात दहा-बारा माणसं बाकावर बसलेली. मी आत गेले, बंगळूरहून आलेय म्हटलं, पुस्तकांची आवड, जुन्या नकाशांची आवड, असं काहीबाही इंग्रजी-कन्नड मिसळून बोलले. कुणीतरी खुर्ची दिली. चहा आला. वीस मिनिटांत शिपाई समोरच्या दुकानातून गावाच्या नकाशाची मोठी प्रत काढून घेऊन आला. पैसेही घेईनात, मी आग्रह करून दिले.

बाहेर पायरीवर पिशवी मांडीवर घेतलेले एक गृहस्थ बसले होते. सत्तरीचे असतील. मघाशी आत बाकावर होते. म्हणाले, “ताई, तुमास्नी दिला व्हय नकाशा? मी आठ दीस झालं येतोय.”

मी प्रत उलगडली. ती रंगीत, नगररचनेची निघाली.

“आमच्या रानाच्या कडंनं मसणवट्याकडं वाट जाती. शेजाऱ्यानं तारा मारल्यात. जरा बघा की, हाय काय ह्यात.”

त्यांचा सर्व्हे नंबर शोधला. तो आता पिवळ्या पट्ट्यात होता. वाटेच्या जागी काहीच नव्हतं, नुसता सपाट पिवळा रंग.

“नाही दिसत, मामा.”

“ह्यात न्हाई म्हंजे वाट न्हाई म्हणायचं काय?”

मी म्हटलं, तसं नाही, हा नकाशा वेगळा, जुन्या गावनकाशात असेल. ते खरंही होतं. पण प्रश्न तेवढ्यानं संपत नव्हता. अनुवाद करताना मी कितीतरी गोष्टी गाळते. एखादं नातं, एखादी शिवी, एखाद्या झाडाचं नाव. समजून घेणारे म्हणतात, काही ना काही हरवणारच. पण मूळ वाचणाऱ्याला काही हरवल्याचं दिसतं तरी. अनुवादावरच अवलंबून असणाऱ्याच्या लेखी ती गोष्ट कधी नव्हतीच. मी ‘तळ्यावर गेले’ लिहून पुढे गेले असते तर मराठी वाचकाच्या गावात बांध नसताच, आणि त्यानं तक्रार कशाच्या आधारावर करायची? पिवळा रंग भरणाऱ्यानं लबाडीच केली असेल असं नाही. त्याला त्या वाटेनं जायचं नव्हतं, एवढंच.

आणि दुसरं, जास्त टोचणारं. मला नकाशा मिळाला कारण माझ्याकडे कारण नव्हतं. माझ्या हातात तो गेल्यानं कुणाची तार हलणार नव्हती, कुणाचा प्लॉट अडणार नव्हता. मामांच्या हातात गेला असता तर काहीतरी झालं असतं. मी आठ दिवस जी वागणूक माझ्या बोलण्याला, शिक्षणाला, फार तर कर्नाटकी अगत्याला जमा धरत होते, ती मी निरुपद्रवी असण्याला मिळत होती. निर्हेतुक जिज्ञासेबद्दल मी विद्यार्थिदशेपासून फार चांगलं बोलत आलेय. एम.ए.ला त्यावर एक अख्खा निबंध लिहिला होता. जिज्ञासा निर्हेतुक ठेवण्यासाठी किती गोष्टी आधीच आपल्या असाव्या लागतात, हे त्यात नव्हतं.

माझी प्रत त्यांना देऊन उपयोग नव्हता. सही-शिक्का नाही, आणि वाटही नाही. म्हटलं, माहितीच्या अधिकारात अर्ज करू, गावनकाशा आणि टिप्पणाची प्रत मागू. ते तयार झाले. झेरॉक्सच्या दुकानात छापील फॉर्म मिळाला. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा तिथल्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे इथे कन्नडमध्ये. मामांना कन्नड बोलता येत होतं, लिहिता नाही. माझं लिहिलेलं कन्नड दुकानातला मुलगा हसत हसत दुरुस्त करत होता. कर्नाटकात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा लागतो, तेही त्यानंच सांगितलं.

काय हवं ते लिहून झालं. मामा म्हणाले, “आता कशापायी पायजे त्ये लिवा.”

मी त्यांना सांगितलं, लागत नाही. कायद्यानं कारण विचारायचंच नाही. माझं आवडतं कलम. त्यांनी ऐकून घेतलं.

“त्येंनी नगा इचारू म्हना. मला सांगायचंय. लिवा, माझी बायको ह्याच वाटंनं नेली. मलाबी तिथनंच न्यायला पायजे.”

मुलानं हसणं थांबवलं. फॉर्ममध्ये कारणाचा रकाना नव्हता, म्हणून खाली मोकळ्या जागेत लिहायचं ठरलं. ‘नेली’ला कन्नडमध्ये काय घालावं यावर आमचं दोघांचं थोडं चाललं. ‘नेली’ म्हटलं की मराठीत पुढचं सांगावं लागत नाही. माझ्या शब्दानं सामान नेल्यासारखं वाटतं असं त्याचं म्हणणं पडलं, आणि त्याच्या शब्दात बायको मेली हे आधी सांगावं लागत होतं, जे मामांनी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनाच दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. त्यांनी दुसरं निवडलं. मग मुलानं पेनाच्या टोकानं सगळे शब्द मोजले, वरच्या मजकुरातली दोन विशेषणं काढायला लावली, आणि मी पोस्टात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणायला गेले.