वाटून न सरणारी कृपा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

उत्सवाच्या दिवसांत मंडपात एक बोलणं हमखास कानावर येतं. "गुडघे गेले, आता सात दिवस बसून पारायण होत नाही. ज्यांचं होतं त्यांना महाराज पावतील. आमच्या वाट्याला काय उरणार?" उतारवयात ही चिंता मन पोखरते.

माझा उभा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेला. तिथला नियम साधा : दहातून पाच दिले की पाचच उरतात. एकाला जास्त गेलं, तर दुसऱ्याला कमी. हा नियम खराच आहे, पण संपणाऱ्या वस्तूंपुरता. अनंताला तो लावला की ताळा जमत नाही.

कसा, ते पाहा. एक, दोन, तीन हे आकडे कधी संपत नाहीत. त्यांतून विषम काढून टाका. दोन, चार, सहा असे सम तेवढे ठेवा. वाटतं, निम्मेच राहिले. आता जोड्या लावा. एकाला दोन, दोनाला चार, तीनाला सहा. प्रत्येकाला आपली दुप्पट मिळते, कुणीच एकटा राहत नाही. म्हणजे निम्मे काढूनही होते तेवढेच! इटलीच्या गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात अशाच जोड्या वर्गसंख्यांशी लावल्या आणि सांगितलं, की कमी, जास्त, सारखं हे शब्द अनंताला लागत नाहीत.

त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात, आपल्या भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं. तिच्यात कितीही मिळवा, कितीही वजा करा, ती तशीच राहते. दाखला त्यांनी भगवंताचाच दिला. सृष्टीच्या वेळी असंख्य जीव बाहेर आले, प्रलयात परत सामावले, तरी अच्युतात काही फरक नाही.

आता गुरुचरित्रातली कथा आठवा. दिवाळीला सात गावांच्या शिष्यांनी श्रीनृसिंहसरस्वतींना आग्रहाने बोलावलं. महाराज सातही घरी गेले आणि गाणगापूरच्या मठातही राहिले. कोणाच्या घरी महाराजांचा सातवा हिस्सा गेला का हो? प्रत्येकाला पूर्ण महाराज मिळाले.

गणिताने देव सिद्ध होतो असं मी म्हणत नाही. पण जो वाटणीचा नियम साध्या आकड्यांच्या अनंतालाही लागत नाही, तो कृपेला लावून आपण कष्टी का व्हावं?

मात्र व्यवहारात हिशेब चोखच हवा. शेजाऱ्याचे दहा रुपये अनंताच्या नावाने बुडवता येत नाहीत! आपले श्वासही मोजकेच आहेत, ते वाया घालवू नयेत.

तेव्हा पारायण होत नसेल तर खुर्चीवर बसून एक अध्याय वाचा. तेही जमेना, तर नाम घ्या. आपलं देणं थोडं असेल, पण शेजारच्याला भरभरून मिळालं म्हणून आपलं कमी होत नाही.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!